मोहरी रंगाचा चौकोन

बाइंडरताई आमच्या खोलीत पहिल्यांदा आल्या तेव्हा नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता त्यांनी टेबलावरचा पुठ्ठा उचलला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हा काटकोनात नाही."

"अहो, इथं कुणाचंच काही काटकोनात नाही," पोस्टातल्या ताई म्हणाल्या. "बसा, टेका जरा."

खोली म्हणजे वाचनालयाची मागची खोली. दर बुधवारी दुपारी आम्ही काही बायका तिथं जमतो आणि विणतो. नाव झोकात ठेवलंय, लोकर मंडळ. काम एवढंच, की प्रत्येकीनं वीतभर लांब आणि वीतभर रुंद असे लोकरीचे चौकोन विणायचे, ते जोडून लहान ब्लँकेटं करायची आणि थंडी पडायच्या आत दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या वॉर्डात पोचवायची. ज्या बाळासाठी घरून काही आलेलं नसतं, त्याला तिथल्या नर्सबाई त्यात गुंडाळतात. कुठलं ब्लँकेट कुणाच्या वाट्याला गेलं ते आम्हाला कधी कळत नाही.

आता एकीची वीत म्हणजे दुसरीची वीत नव्हे. म्हणून टेबलावर पुठ्ठ्याचा एक चौकोन असतो. तुकडा विणून झाला की त्यावर ठेवायचा. कडेला कड लागली तर तो चालला. आमचा पुठ्ठा जुन्या बुटांच्या खोक्यातून कापलेला होता आणि कोपरे कुरतडल्यासारखे झाले होते, हे खरं. पुढच्या बुधवारी बाइंडरताईंनी नवा पुठ्ठा आणला. जाड, राखाडी, चारही कडांना कापडाची पट्टी लावलेला. कोपऱ्याला बोट लावलं तर टोचेल असा. पोस्टातल्या ताईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "आता आली का पंचाईत! आता खरंच मापात विणावं लागणार."

पंचाईत कुणाची होणार होती ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाइंडरताईंची सगळी नोकरी एका छापखान्याच्या बांधणी खात्यात गेली. छापून आलेले मोठाले कागद घडी घालून त्यांचे फर्मे करायचे, फर्म्यावर फर्मा ठेवून मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायचे, मग सरस, मग पुठ्ठा, मग दाब. पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव असतं, छापणाऱ्याचं असतं, शिवणाऱ्याचं कुठं नसतं. लग्न केलं नाही. आधी वडिलांचं आजारपण होतं, मग धाकट्या बहिणीचं शिक्षण, मग तिचं लग्न, आणि त्यानंतर कुणी विचारायचंच राहून गेलं. बहीण लांबच्या गावी असते. रविवारी तिचा फोन येतो. बाकीचे दिवस बाइंडरताई आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या त्यांच्या दोन खोल्या.

वाचनालयात त्या यायच्या त्या वाचायला नाही. कपाटातून एखादं जुनं पुस्तक काढायचं, बरोबर मधोमध उघडायचं, घडीतला दोरा बघायचा, बोटानं किंचित ओढून बघायचा आणि पुस्तक परत जागेवर. ग्रंथपालांना वाटलं हे काहीतरी संशयास्पद आहे. एक दिवस त्यांनी विचारलंच, तेव्हा बाइंडरताई म्हणाल्या, "हे माझं आहे. सुटलं नाही ना अजून, ते बघते." ग्रंथपाल गांगरले. त्यांना दुसरं काही सुचेना, म्हणून म्हणाले, "मागच्या खोलीत बायका बसतात बुधवारी. तिथं बघा, तुमच्यासारखंच काहीतरी चालतं."

अशा त्या आमच्यात आल्या. विणकाम अजिबात येत नव्हतं. शिकवायला आमच्या बाई होत्या. बाई म्हणजे मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या त्या बाई. आजही अर्ध्या गावातल्या पोक्त बायका रस्त्यात भेटल्या की त्यांच्यासमोर पदर नीट करतात. बाईंनी उभ्या जन्मात कुणाला 'चुकलं' म्हटलेलं नाही. फारच वाईट असलं तर 'बघू हं' म्हणायच्या, आणि एरवी 'छान'.

टाके घालणं बाइंडरताईंनी एका बैठकीत उचललं. सुलट ओळ दुसऱ्या बैठकीत. पण हात असा घट्ट, की प्रत्येक टाका सुईवर करकचून बसायचा. पुढच्या ओळीत सुईचं टोक आत शिरायलाच तयार नाही. मग त्या ओठ दाबून, मान वाकडी करून सुई आत घुसवायच्या आणि दुसऱ्या बाजूनं धागा पुन्हा खस्सकन ओढायच्या.

"सैल, सैल," बाई म्हणायच्या. "लोकर आहे हो ती, दोर नव्हे."

"दोरा ढिला राहिला की फर्मा निसटतो," बाइंडरताई मान वर न करता म्हणायच्या.

"ह्यांच्या ब्लँकेटात बाळ घातलं तर ते पोस्टात टाकता येईल," पोस्टातल्या ताई म्हणाल्या. "वाटेत फाटायची भीती नाही."

बाइंडरताई हसल्या. त्यांचं हसणं म्हणजे नाकातून एक छोटा श्वास. पण हसल्या की त्या ओळीपुरता हात मोकळा व्हायचा, एवढं मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ मात्र तेव्हा मला लागला नव्हता.

बुधवारी त्या सगळ्यांच्या आधी यायच्या. दार उघडायच्या आधी पायरीवर उभ्या, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. आणि जाताना सगळ्यांच्या शेवटी. खुर्च्या सरळ करायच्या, जमिनीवरचे लोकरीचे तुकडे वेचायचे, खिडकीची कडी दोनदा लावायची. "ह्यांना बुधवार संपलेला आवडत नाही," पोस्टातल्या ताई मला हळूच म्हणाल्या. एरवी त्यांच्या बोलण्यात मिरची असायची, त्या दिवशी नव्हती.

पहिला चौकोन त्यांनी मोहरी रंगाच्या लोकरीचा विणला. गुंडा मध्येच संपला, तेव्हा दुसरा जोडताना त्यांनी बांधणी खात्यातली गाठ मारली. इतकी बारीक, की बोटाला लागूनही डोळ्यांना दिसेना. शेपट्या अगदी मुळाशी कापलेल्या. बाईंनी चौकोन हातात घेतला, ताणून बघितला, "छान," म्हणाल्या आणि पिशवीत टाकला. मग दुसरा झाला, हिरवा. तोही छान. तिसरा विटकरी. छान.

जोडणी बाई घरी करायच्या. जोडून झालेली ब्लँकेटं जायच्या आधी एकदा टेबलावर पसरायची, सगळ्यांनी बघायची, घड्या घालायच्या आणि द्यायची, अशी आमची पद्धत. पावसाळ्यानंतरची पहिली खेप गेली त्या दिवशी बाइंडरताईंना डोळे तपासायला जावं लागलं होतं. पुढच्या वेळी आल्या तर टेबल रिकामं.

"गेली?"

"गेली," बाई म्हणाल्या.

"माझा मोहरी कुठं लावला होतात? मधे का कडेला?"

बाई सुईत दोरा ओवत होत्या. ओवलेला दोरा त्यांनी पुन्हा ओवला. "कडेला," त्या म्हणाल्या.

त्या रविवारी बाइंडरताईंनी बहिणीला फोनवर सांगितलं, की माझ्या हातचा चौकोन एका बाळाच्या अंगावर आहे. हे त्यांनीच आम्हाला बुधवारी सांगितलं, लाजत लाजत. बहिणीनं विचारलं म्हणे, कुठला रंग? मग तिनं ते आपल्या मुलांना सांगितलं, सुनेला सांगितलं. सुनेनं मागून ओरडून विचारलं, "मावशी, आम्हाला पण एक!" एरवी फोन होतो तब्येत कशी, बरी, पाऊस कसा, बरा, इथवर. त्या दिवशी बोलणं बराच वेळ चाललं. बाइंडरताई सांगत होत्या आणि बाई खाली मान घालून टाके मोजत होत्या.

मग एका बुधवारी बाईंनी नव्या चौकोनासाठी त्यांच्या हातात पुन्हा मोहरी रंगाचा गुंडा ठेवला.

"पुन्हा मोहरी?"

"हाच रंग शिल्लक आहे बघा."

बाइंडरताईंनी तिथंच बसून टाके घातले. त्या दिवशी गप्पा फार रंगल्या होत्या. पोस्टातल्या ताई त्यांच्या काउंटरवरच्या एका माणसाची गोष्ट सांगत होत्या. तो रोज यायचा, पाकिटाला तिकीट लावायचा आणि मग पाकीट पेटीत न टाकता घरी घेऊन जायचा. "शेवटी मी म्हटलं, काका, निदान तिकिटं तरी परत करा!" बाइंडरताईंनी हसत हसत चांगलं दोन बोटं कापड विणलं आणि बाकीचं घरी नेलं.

पुढच्या बुधवारी त्या सगळ्यांच्या शेवटी आल्या. बसल्या नाहीत. पिशवीतून सुया, सुयांवरचं अर्धवट विणकाम आणि खाली लोंबणारा धागा असं सगळं काढून बाईंसमोर ठेवलं. धाग्यावर एका ठिकाणी चिमूट धरली.

"बाई, ही गाठ माझी आहे."

आम्हाला आधी काही कळेना. मग मी धाग्याकडे नीट पाहिलं. नवी लोकर गुंड्यातून सरळ सुटते. ही सगळी वळ्यावळ्यांची होती, घट्ट वेणी सोडल्यावर केस दिसतात तशी. एकदा विणून उसवलेली लोकर अशी दिसते, हे आमच्यातल्या प्रत्येकीला माहीत आहे. बाइंडरताईंना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं होतं, ही लोकरीची एक जातच असेल. गाठ बोटाला लागेपर्यंत तसंच वाटत होतं.

"तो चौकोन गेलाच नाही," त्या म्हणाल्या.

बाईंनी चष्मा काढला. "नाही गेला."

"आणि हिरवा?"

"तोही उसवला. तिन्ही उसवले." बाईंचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "अहो, दोन बोटं कमी भरत होते. जोडले असते तर अख्खं ब्लँकेट त्या बाजूला गोळा झालं असतं. बाळाला टोचलं असतं."

"मग मला सांगायचं."

"तुम्ही यायच्या बंद झाला असता."

"आणि आता?" बाइंडरताई म्हणाल्या. रागानं नाही. खरोखरच विचारावं तसं. मग सुया, विणकाम, गुंडा पुन्हा पिशवीत भरलं आणि गेल्या. जाताना खुर्ची मात्र सरळ करून गेल्या.

शेवटी पोस्टातल्या ताई म्हणाल्या, "बाई, तुमच्या त्या 'छान'ला एकदा शिक्का मारून परत पाठवायला पाहिजे." कुणी हसलं नाही. त्याही नाही.

पुढच्या बुधवारी पायरी रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. बाई रोजच्यासारख्या शिकवत होत्या, पण कुणाचाही तुकडा हातात आला की 'छान' तोंडात यायच्या आत थांबायच्या आणि आधी पुठ्ठ्यावर ठेवायच्या. थंडीची मोठी खेप महिनाअखेरीला जायची होती. शेवटी मीच एका दुपारी त्यांच्या घरी गेले.

सायकलच्या दुकानाशेजारून अरुंद जिना जातो. वर दार लोटलेलंच होतं. मी हाक मारल्यावर त्या इतक्या झटकन आल्या, जणू दाराशीच उभ्या होत्या.

"या, या. मला वाटलं मीटरवाला."

खोली लख्ख होती. नको इतकी. टेबलावर एक कप उपडा, एक ताटली उपडी, वर्तमानपत्रं कडेला कड लावून रचलेली. खिडकीशी एकच खुर्ची. दुसरी त्यांनी आतून आणली. तिच्यावर पाट्या, पुठ्ठे असलं काहीबाही ठेवलेलं होतं, ते आधी खाली उतरवावं लागलं. कोपऱ्यात लाकडी दाबयंत्र होतं, जुन्या छापखान्यातून आणलेलं. त्यात पुस्तक नव्हतं. स्क्रू आवळून त्याच्या दोन फळ्यांमध्ये घरी सरावाला विणलेले लोकरीचे चार चौकोन दाबून ठेवले होते, दाबले तर रुंद होतील या आशेनं.

"होतात का?" मी विचारलं.

"नाही हो. लोकर हट्टी असते. सोडलं की परत जातं आपल्या जागी." त्यांनी चहा केला. माझ्यासाठी कप, स्वतःसाठी पेला. मग समोर बसून सुया हातात घेतल्या. तोच मोहरी चौकोन होता, अजून अर्धाच.

"बाईंना फार वाईट वाटतंय," मी म्हटलं.

"त्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं. कळतं मला." दोन टाके झाले. "माझा राग त्याचा नाही. मी बहिणीला सांगून बसले ना. सांगितलं तेव्हा ते खोटं नव्हतं. मला वाटलं खरंच गेलंय. आता ते खोटं झालं. दर रविवारी ती विचारते, तुझं बाळ कसं आहे गं? गंमतीनं विचारते. तिच्याकडचे सगळे हसतात, मलाही बरं वाटायचं. आता फोन वाजला की लगेच उचलवत नाही."

"मग सांगून टाका तिला. बहीणच आहे."

"सांगून टाकू, मग पुन्हा तब्येत कशी, बरी." त्यांनी मान हलवली. "नाही. ते खरं करायला पाहिजे. ह्याच लोकरीचा, ह्याच रंगाचा. महिनाअखेरीच्या आत."

त्या बोलत होत्या आणि हात चालले होते. वडिलांच्या आजारपणातल्या गोष्टी निघाल्या, मग छापखान्यातल्या. तिथला फोरमन शिवणाऱ्या बायकांच्या मागे उभा राहून दिवसभर एकच शब्द म्हणायचा, "ओढा." जेवणाच्या सुट्टीत एकीनं त्याच्या डब्याला दोरा बांधून ठेवला होता आणि त्यानं डबा उचलल्याबरोबर सगळ्या एका सुरात ओरडल्या, "ओढा!" सांगताना बाइंडरताईंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. नाकातून नव्हे, तोंड उघडून हसल्या.

मग एकदम थांबल्या. सुयांवरचं काम डोळ्यांजवळ नेलं. उठून पुठ्ठा आणला, घरी त्यांनी स्वतःपुरता तसाच दुसरा कापून ठेवला होता. त्यावर अर्धा चौकोन पसरला.

"हे बघा."

मी वाकले. चौकोनाचा खालचा पट्टा पुठ्ठ्याच्या कडेला बरोबर लागत होता. तिथून वर दोन्ही बाजू आत जात गेल्या होत्या, कमरेत आवळल्यासारख्या. आणि अगदी वरच्या ताज्या ओळी पुन्हा फाकायला लागल्या होत्या.

"हे खालचं पोस्टातल्या ताईंच्या काकांचं," त्या बोट ठेवत म्हणाल्या. "हे मधलं इथलं. एकटीचं. आणि हे आत्ताचं." पुस्तकाचा दोरा तपासायच्या तसं त्यांनी प्रत्येक ठिकाणी कापड ओढून बघितलं. "बोलत असले की हात सोडतो. गप्प असले की ओढते."

मग साधंच सुचलं ते म्हटलं, "मग बुधवारी या की. बसून बोला आमच्याशी, चौकोन होईल."

"एका बुधवारात होत नाही. बाकीचे दिवस घरीच विणावं लागतं." त्यांनी सुया बाहेर काढल्या, धाग्याचं टोक धरलं आणि माझ्यासमोर अख्खं उसवायला घेतलं. वेणीतून सुटल्यासारखी लोकर मांडीवर पडत राहिली. "आणि मापात आल्याशिवाय मी तिथं येणार नाही. बाईंना सांगा, मला नुसतं 'चालेल' असलं नको."

बाईंना मी सांगितलं. उसवलेली लोकर ओली करून, खाली थोडं वजन बांधून टांगून वाळवायची म्हणजे वळ्या जातात, एवढं त्यांना सांग म्हणाल्या. महिनाअखेर जवळ आली. सगळी ब्लँकेटं जोडून झाली, एक सोडून. त्याच्या कडेला बाईंनी एका चौकोनाची जागा मोकळी ठेवली होती.

"मी विणून टाकू का?" पोस्टातल्या ताई म्हणाल्या. "हा हा म्हणता होईल."

"नको."

"आणि त्या नाहीच आल्या तर?"

"तर हे ब्लँकेट पुढच्या खेपेला जाईल," बाई म्हणाल्या. "एका बाजूनं उघडं राहील तोवर. राहू दे."

खेप जायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा तो जिना चढले. अर्ध्यावर पोचले आणि वरून बोलण्याचा आवाज आला. बाइंडरताईंचाच, पण आमच्या खोलीत असतो तसा जपून बोललेला नव्हता. मोकळा, भरभरून.

"...अगं तुला सांगते, तो फोरमन असा लाल झाला, असा लाल झाला! आणि आम्ही आपल्या माना खाली. मी तर काय, मला ठसकाच लागला. तुला आठवतं का, तू तेव्हा शाळेत होतीस, मी घरी येऊन नक्कल केली तर बाबा झोपेतून उठून हसले होते..."

मला इतकं बरं वाटलं. बहीण आली शेवटी. एवढ्या लांबून, कुणाला न कळवता. मी तिथंच पायरीवर थांबले. दोघी बहिणी कधी नव्हे ते भेटल्यात, मध्ये आपण कशाला? परत फिरावं असंही मनात आलं. पण चौकोनाचं काय झालं ते विचारायचं होतं, म्हणून बोलणं जरा थांबलंसं वाटल्यावर वर गेले. दारात चपला होत्या. एकच जोड, रोजचा.

मी कडी वाजवली.

त्यांनी दार उघडलं. खिडकीशी एक खुर्ची. दुसरीवर पुन्हा पाट्या आणि पुठ्ठे. टेबलावर कप उपडा. टेलिफोन जागच्या जागी. मी नकळत आतल्या खोलीकडे पाहिलं, आणि ते त्यांना दिसलं.

"पाहुण्या आल्यात वाटलं," मी म्हटलं.

"पाहुण्या? कुठल्या?" मग त्यांच्या लक्षात आलं. सुयांवरचं काम त्यांनी जरासं वर केलं. "छे हो. वीण सैल ठेवतेय."

मी बसले. मला बसायला पाट्या खाली ठेवल्या गेल्या. त्यांनी पुन्हा सुया घेतल्या, आणि आता मी होते म्हणून माझ्याशी बोलायला लागल्या.

"पहिले दोन दिवस फार अवघड गेलं. एकटीनं बोलायचं म्हणजे जीभच वळेना. भिंतीला काय सांगणार? मग म्हटलं, तिला सांगू. रविवारी तिला घाई असते, तेव्हा राहूनच जातं सगळं. आता छापखान्याचं सांगून झालं, बाबांचं झालं, तिच्या लग्नात तिला सांगितलं नव्हतं तेही सांगून झालं. काही उरलं नाही. आता त्याच त्याच गोष्टी पहिल्यापासून सांगतेय." त्यांनी ओळ संपवली, काम उलटं केलं. "टाक्याला त्याचं काही नसतं."

शेवटचे टाके त्यांनी माझ्यासमोर बंद केले. मग पुठ्ठा आणला. त्यावर चौकोन ठेवला. चारही कडा लागल्या. एका कोपऱ्यात केसभर कमी होतं की काय म्हणून त्यांनी तो उजेडात नेऊन बघितला.

"चालेल ना?" मी विचारलं.

"बाई मोजतील," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा दार उघडून बराच वेळ झाला होता. चौकोन बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो ताणला नाही, बोटांनी चाचपला नाही. सरळ टेबलावरच्या पुठ्ठ्यावर ठेवला आणि चष्मा लावून चारही बाजूंनी फिरून बघितलं. आम्ही सगळ्या हातातलं काम ठेवून बघत होतो.

"बसला," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"नसता बसला तर सांगितलं असतं. आता सांगते मी."

बाइंडरताईंनी मान हलवली. मोकळ्या जागेत तो चौकोन त्यांनी स्वतःच जोडला. तिथं मात्र हात घट्ट लागतो, आणि तिथं कुणी त्यांना सैल म्हटलं नाही. पोस्टातल्या ताई खांद्यावरून बघत म्हणाल्या, "हे बाळ मोठं होऊन नोकरीला लागेल, पण हा कोपरा काही सुटायचा नाही." नाकातून एक छोटा श्वास आला.

दुपारी दवाखान्याची गाडी आली. ड्रायव्हरनं गठ्ठे उचलून मागे टाकले, एकावर एक. मोहरी रंग कुठल्या तरी घडीच्या आत होता, बाहेरून दिसत नव्हता. गाडी वळणावर गेली. आम्ही परत येऊन खुर्च्या सरळ करायला लागलो.

"मग, आज बहिणीला फोन करणार ना?" मी विचारलं. "रविवारची वाट कशाला बघायची?"

बाइंडरताई जमिनीवरचे लोकरीचे तुकडे वेचत होत्या. हातातली चिमूटभर लोकर त्यांनी बघितली.

"काय सांगू?" त्या म्हणाल्या. "तिच्या लेखी तर ते कधीच गेलंय."

त्यांनी खिडकीची कडी लावली, ओढून बघितली, पुन्हा लावली. टोपलीतून पुढच्या चौकोनासाठी एक गुंडा उचलला, निळा, नवा, सरळ धाग्याचा. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्या पायऱ्या उतरल्या आणि लांबच्या रस्त्यानं घराकडे निघाल्या. मी दारातून बघत होते. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत त्या नुसत्याच चालत होत्या. तिथून पुढं, पाठमोऱ्या असूनही, त्यांची मान हलायला लागलेली दिसली. बोलताना हलते तशी.